फॉरमॅट मारण्याआधी पंचनामा करा

जून उजाडला की आपल्या तालुक्याच्या गावात दोन वाक्यं सगळ्यात जास्त ऐकू येतात. पहिलं, ‘पाऊस कुठवर आलाय?’ आणि दुसरं, ‘कॉम्प्युटर हँग झालाय, उद्या या.’ पहिल्याचं उत्तर द्यायला निदान हवामान खातं तरी आहे. दुसऱ्याचं उत्तर कुणाकडेच नसतं, कारण तो प्रश्न कुणी विचारतच नाही. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, जातीचा, नॉन-क्रिमिलेअर, सगळं एकाच आठवड्यात हवं असतं. बाप रोजाचा खाडा करून पोराला घेऊन खिडकीशी उभा. आतला पडदा गोठलेला. कारकून हताश. ‘उद्या या.’ म्हणजे परत एसटीचं भाडं, परत एक खाडा, आणि अर्जाची मुदत एक दिवसाने कमी.

हे वाक्य आपण गारपिटीसारखं स्वीकारलंय. देवाची करणी, कुणाच्या हातात काही नाही! माझं भांडण नेमकं याच्याशी आहे. डेस्कटॉप मधूनच गोठतो, कधीही गोठतो, काही सांगून गोठत नाही, हे सगळं मान्य. पण विनाकारण गोठत नाही. कारण असतं, बहुतेक वेळा चार-दोन दिवसांत सापडतं, आणि सापडलं की अनेकदा किरकोळ खर्चात मिटतं. ते न शोधणं हा मात्र आपल्याकडे शिरस्ता झालाय, आणि काहींचा धंदा.

आधी शब्द तरी साफ करू. खिडकीमागून ‘हँग’, ‘सर्व्हर डाऊन’, ‘नेट नाही’ आणि ‘स्लो चालतोय’ ही चार उत्तरं अशी फेकली जातात जणू एकाच रोगाची चार नावं. चारही रोग वेगळे, चौघांचे डॉक्टर वेगळे, आणि जबाबदार माणसंही वेगळी. सर्व्हर डाऊन असेल तर दोष तालुक्याबाहेर कुठेतरी आहे आणि तो एकाच वेळी सगळ्यांना छळतो. शेजारच्या टेबलावर तेच संकेतस्थळ चालत असेल तर ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर खोटं, मग ते कितीही आत्मविश्वासाने दिलेलं असो. नेट गेलं असेल तर माउस हलतो, फाइल उघडते, फक्त पान येत नाही. आणि स्लो म्हणजे स्लो. यंत्र जिवंत आहे, पण अंगावर पेलणार नाही एवढं ओझं आहे. चार जीबी रॅम, त्यात ब्राउझरच्या पंधरा खिडक्या, त्यावर दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली आणि टास्क मॅनेजर उघडला, तर ते यंत्र गोठलेलं नाही. कशाने दमलंय ते तिथेच वाचता येतं.

खरं गोठणं ओळखायची खूण पोराटोरालाही जमेल अशी आहे. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागला-विझला तर आत कुणीतरी अजून ऐकतंय, एखादा प्रोग्रॅम अडकलाय. माउस थिजलाय, घड्याळ थांबलंय आणि तो दिवाही ढिम्म, तर समजा की मुळावर घाव आहे: रॅम, डिस्क, वीज, उष्णता, मदरबोर्ड किंवा एखादा बिघडलेला ड्रायव्हर. एवढं एक बटण दाबून अर्धी वाटणी होते. मी दोन-तीन खिडक्यांवर ‘जरा कॅप्स लॉक दाबून बघता का?’ असं विचारलंय. माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं गेलं की जणू मी साहेबांची जन्मपत्रिका मागितली.

आता मुख्य आरोपीकडे येऊ. त्याचं नाव ‘फॉरमॅट’.

आपल्याकडे कॉम्प्युटर गोठला की कुणी विचारत नाही की तो केव्हा गोठला, तेव्हा काय चालू होतं, आधी काय बदललं होतं. कॅबिनेट उचलायचं, दुकानात न्यायचं, ‘विंडोज उडलीय, फॉरमॅट मारावं लागेल’ हा निकाल ऐकायचा, तीनशे ते पाचशे रुपये द्यायचे, घरी आणायचं. मी वीस वर्षं पोलीस स्टेशनच्या बातम्या करतोय. त्या भाषेत सांगतो: पंचनामा व्हायच्या आधी घटनास्थळ फिनाइलने धुऊन टाकायचं, आणि मग ‘पुरावा मिळाला नाही’ म्हणून फाइल बंद करायची, असा हा तपास आहे.

कारण पुरावा असतो! विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची रोजनिशी असते. स्टार्टमध्ये ते नाव टाइप केलं की उघडते, फुकट आहे, पहिल्या दिवसापासून तुमच्या यंत्रात आहे. यंत्र गोठलं, तुम्ही वैतागून बटण दाबून धरलं, पुन्हा चालू केलं, की तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पडते. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं. कितीतरी लोक ही नोंद पाहून ‘पॉवर सप्लाय गेला’ म्हणून मोकळे होतात, तेही चूक. खरी गंमत त्या नोंदीच्या आधीच्या दहा-पंधरा मिनिटांत असते. तिथे ‘डिस्क’च्या नावाने लाल खुणा आणि ‘बॅड ब्लॉक’ असे शब्द दिसले तर हार्ड डिस्क मरणपंथाला लागलीय. ‘व्हिया-लॉगर’ दिसला तर प्रोसेसर, रॅम किंवा मदरबोर्डने स्वतःच तक्रार नोंदवलीय. एखाद्या ड्रायव्हरचं नाव वारंवार आलं तर संशयित हाती लागला. आणि काहीच नोंद नाही, यंत्राला शेवटचा शब्दही लिहायला वेळ मिळाला नाही, तर तोही पुरावाच. मग वीज आणि रॅमकडे आधी बघायचं.

सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की ही रोजनिशीच पुसली जाते.

‘पण फॉरमॅट मारल्यावर आमचा तर नीट चालला’ असं सांगणारे आता येतीलच, म्हणून त्यांनाही उत्तर देऊन ठेवतो. काही वेळा नीट चालतो, कारण दोष खरोखर विंडोजमध्ये होता. व्हायरस, अर्धवट बसलेला अपडेट, भांडणारे ड्रायव्हर. (आणि दुकानदारानेच टाकलेली चोरीची विंडोज, तिच्यासोबत आलेला तो ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. यावर वेगळं लिहीन.) पण डिस्क खराब असली तरी फॉरमॅटनंतर महिनाभर बरं वाटू शकतं! विंडोजच्या फाइली डिस्कवर नव्या जागी बसतात, खराब जागा तात्पुरती टळते, आणि सगळ्यांना वाटतं उतारा लागू पडला. महिन्याने पुन्हा तेच. मग पुन्हा फॉरमॅट. अंगारा लावून ताप उतरल्यासारखं. ताप त्याच्या वेळेने उतरला होता, अंगाऱ्याने नव्हे.

आमच्या साप्ताहिकाच्या डेस्कटॉपचं उदाहरण सांगतो, कारण तिथलं सगळं डोळ्यांसमोर घडलंय. पानं लावायची रात्र, आणि यंत्र गोठायचं. कधी दोनदा, कधी एकदाही नाही. गावातल्या एका दुकानाने चार महिन्यांत तीनदा फॉरमॅट मारलं. दर वेळी फॉन्ट परत टाका, प्रिंटर परत जोडा, पेज सेटिंग परत करा, एक आख्खा दिवस पाण्यात. चौथ्यांदा दुकानाऐवजी माझ्या एका मेकॅनिक मित्राला बोलावलं. तो आला आणि त्याने यंत्राला हातच लावला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “दोन आठवडे लिहा. गोठला की वेळ लिहायची, काय चालू होतं ते लिहायचं, चालू करून किती वेळ झाला होता ते लिहायचं. बाकी काही करू नका.”

दोन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. प्रोग्रॅम वेगवेगळे, वेळा वेगवेगळ्या. पण एक गोष्ट नऊही वेळा सारखी होती. सकाळी यंत्र चालू केल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात ते एकदाही गोठलं नव्हतं. म्हणजे तापल्यावर काहीतरी बिनसत होतं. ज्याला आम्ही चार महिने ‘कधीही गोठतो’ म्हणत होतो, त्याला हा एवढा सरळ नियम होता.

मग त्याने कॅबिनेट उघडलं. आत मराठवाड्याचा एक उन्हाळा साठलेला. धुळीची लोकरीसारखी गादी, पंख्याच्या पात्यांना चिकटलेला काजळीचा थर, आणि एसएमपीएसच्या जाळीपाशी पालीची अंडी. सगळं ब्रशने आणि ब्लोअरने साफ केलं, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. तापमान मोजलं तर काम चालू असताना साठ-पासष्ट अंश, म्हणजे ठणठणीत. तरी तिसऱ्या दिवशी गोठला! इथे दुसरा कुणी म्हणाला असता, जाऊ द्या, नवीन घ्या. हा म्हणाला, “बरं झालं, एक नाव यादीतून कटलं.” डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकटचा प्रोग्रॅम चालवला. डिस्क चांगली. दुसरं नाव कटलं. रात्री जाताना पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ लावून गेला. तोही फुकट. सकाळी येऊन पाहतो तर पडदाभर लाल ओळी, म्हणजे रॅम चुकतेय.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एकच ठेवून चाचणी, मग दुसरीच ठेवून चाचणी, मग खाचा बदलून पुन्हा. एक पट्टी दोन्ही खाचांत चुकली, दुसरी दोन्ही खाचांत पास. म्हणजे खाच निर्दोष, पट्टी दोषी. सेकंडहँड पट्टी सातशे रुपयांना आली. त्याला चौदा महिने झाले, यंत्र एकदाही गोठलेलं नाही.

यात खोडरबराचंही सांगायला हवं, कारण ते आपल्या प्रत्येक दुकानात आहे. रॅम काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची, परत बसवायची. मी याची टिंगल करणार नाही. दात काळवंडलेले असतील तर खरंच उपयोग होतो. पण त्याच वेळी धूळही झटकली, केबलही हलवल्या, ड्रायव्हरही बदलला, तर कशाने बरं झालं ते कुणालाच कळत नाही, आणि पुन्हा बिघडल्यावर सुरुवात पहिल्यापासून. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबून बघायचं, एवढीच त्या मित्राची विद्या. तो आयटीआय शिकलेला आहे. मोठाले करार घेणाऱ्यांकडे ही विद्या का दिसत नाही, हा माझा पुढचा प्रश्न.

जिथली खिडकी सगळ्यात जास्त वेळा ‘हँग’ असायची अशा एका सरकारी कार्यालयात मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. नाव लिहीत नाही, कारण कुठल्याही तालुक्यात जा, वेगळं काही सापडेल असं मला वाटत नाही. मागितलं एवढंच: संगणक देखभालीच्या वार्षिक कराराची प्रत आणि वर्षभराच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या. करार वाचला. दर संगणकामागे वर्षाचे ठरावीक पैसे, तक्रार आली की माणूस पाठवायचा, यंत्र ‘कार्यान्वित’ करून सही घ्यायची. बिघाडाचं कारण लिहून द्यायचं, असं एक वाक्य सगळ्या करारात नाही. तेच यंत्र महिन्यात तिसऱ्यांदा गोठलं तर काय, याबद्दल चकार शब्द नाही. आणि चिठ्ठ्या? बहुतेकांवर तीच ओळ: ‘सिस्टीम फॉरमॅट केली, ओके.’ खाली कारकुनाची सही. एका यंत्राचा तर तीन महिन्यांत चार वेळा असा ‘ओके’ झालेला.

मी ठेकेदाराला फार दोष देत नाही, तो कागदावर जे लिहिलंय तेच करतोय. माणूस पाठवल्याचे पैसे मिळतात, रोग सापडल्याचे मिळत नाहीत, तर तो रोग कशाला शोधेल? दोष तो कागद लिहिणाऱ्याचा आणि त्यावर दरवर्षी डोळे मिटून सही करणाऱ्याचा आहे.

त्या कार्यालयातल्या एका बाईंनी, त्या खिडकीवर बसतात, मला बोलता बोलता सहज सांगितलं, “दाखला छापायला दिला ना दादा, की मरतो बघा हा. कधी बंदच पडतो, कधी नुसता थिजतो.” हे वाक्य त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. टेबलाखाली वाकून पाहिलं. लेझर प्रिंटरची वायर यूपीएसमध्ये खोचलेली. लेझर प्रिंटर शाई कागदावर भाजून पक्की करतो. त्याच्या आतला रोलर तापताना एकदम मोठा करंट ओढतो. छोट्या यूपीएसला ते झेपत नाही, आणि त्याच यूपीएसवर जगणारा कॉम्प्युटर आचके देतो. प्रिंटरचा प्लग काढून भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटला लावायचा, झालं. साहेबांच्या परवानगीने तो लावला. खर्च शून्य. ती खिडकी आता छापताना गोठत नाही. यासाठी त्या यंत्राला किती वेळा फॉरमॅट मारलं होतं ते चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात आहे.

शेजारचं यंत्र मात्र अजून गोठतं. तिथे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या लाल खुणांची रांग लागलीय. त्या डिस्कवर लोकांचे स्कॅन केलेले कागद आहेत. ती बदला, आधी त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, असं मी लेखी कळवलं. उत्तर आलं: ‘संबंधित एजन्सीस कळविण्यात आले आहे.’ एजन्सी आली आणि काय केलं असेल? ओळखा.

सॉकेटवरून आठवलं. आपल्या किती सरकारी खोल्यांत तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग जोडलेलं आहे? कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा. दिवा लुकलुकला तर यंत्र गोठायचं राहू द्या, आधी माणसाची काळजी करा. एका एक्स्टेन्शन बोर्डावर दुसरा बोर्ड, त्यावर कूलर, पंखा, मोबाइलचे चार्जर आणि शेवटी बिचारा कॉम्प्युटर, असं झाड मी पाहिलंय. यूपीएसची बॅटरी केव्हा बदलली असं विचारलं तर लोक हसतात. लाइट गेली की यूपीएस त्याच क्षणी मान टाकतो, म्हणजे ती बॅटरी फक्त वजनाला उरलीय.

‘वापरणाऱ्याचाच दोष’ हे उत्तर काही आपल्या तालुक्याचा शोध नाही. मोठ्यांनीही तेच केलंय. २००३ ते २००५ या काळात डेल कंपनीने विकलेल्या ऑप्टिप्लेक्स संगणकांपैकी मोठ्या संख्येने यंत्रं मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून, गळून बंद पडली. २००५ मध्ये कंपनीने दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. पुढे खटला झाला, कागदपत्रं उघड झाली आणि २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती छापली. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाने तक्रार केली तेव्हा त्यांना काय सांगण्यात आलं होतं, तर तुम्ही यंत्रांकडून फार अवघड गणितं करून घेताय! गणित विभागाने गणितं करायची नाहीत तर काय भजन करायचं?

अलीकडचंही घ्या. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. लोकांचे गेम कोसळायचे आणि पडद्यावर संदेश यायचा की ग्राफिक्स कार्डची मेमरी कमी पडतेय. लोक ग्राफिक्स कार्डाला, ड्रायव्हरला शिव्या देत राहिले. शेवटी २०२४ मध्ये कंपनीला मान्य करावं लागलं की प्रोसेसरच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. हे घडलं कशामुळे? हजारो वापरणाऱ्यांनी आपापल्या नोंदी ठेवल्या, एकमेकांशी ताडून पाहिल्या आणि ‘तुमच्याकडेच काहीतरी गडबड आहे’ हे उत्तर घ्यायला नकार दिला म्हणून. ते आपला कॉम्प्युटर उचलून फॉरमॅटला नेत बसले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

आता दुकानदार मंडळींचीही बाजू सांगतो, नाहीतर उद्या मला गावात चहा मिळणार नाही. मेमटेस्टला रात्र जाते. एक-एक सुटा भाग बदलून बघायला दोन-तीन दिवस यंत्र अडकून पडतं. त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देतं का? ‘नुसतं बघितलं त्याचे दोनशे?’ म्हणून भांडणारे आपणच. फॉरमॅटचे पाचशे मात्र गुपचूप देतो, कारण काहीतरी ‘केलेलं’ दिसतं. डॉक्टरने सुई टोचली नाही तर फी द्यायला जिवावर येतं, तीच गत. चांगला कारागीर मग शहाणा होतो आणि तोही सुईच टोचायला लागतो. माझ्या मित्राने आता दारावर पाटीच लावलीय: ‘तपासणी फी २०० रु. कारण लेखी मिळेल.’ पहिले दोन महिने माशा मारल्या त्याने. आता चार शाळा आणि दोन पतसंस्था त्याच्याकडे येतात.

यंत्रं जुनी आहेत, काय करणार, हा शेवटचा बुरूज. हा बुरूज सध्या जोरात लढवला जाणार आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे असंख्य धडधाकट यंत्रं एका तारखेने ‘जुनी’ ठरली. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, ज्या यंत्रावर लोकांचे कागद आहेत ते विनापाठिंबा चालवू नये, याबद्दल वाद नाही. पण या तारखेच्या आडून जे होईल त्याकडे लक्ष ठेवा. ‘वारंवार हँग होतात’ असा शेरा मारून सरसकट निर्लेखन, मग नवी खरेदी, आणि नवं यंत्र त्याच बिनअर्थिंगच्या सॉकेटला, त्याच मेलेल्या यूपीएसला, त्याच लेझर प्रिंटरच्या शेजारी जोडलं जाईल. आणि पुढच्या जूनला? शिवाय ‘जुना’ म्हणून हिणवलेल्या कितीतरी डेस्कटॉपना फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आणि आणखी एक रॅमची पट्टी दिली की ते टुणकन उठतात. ज्यांना विंडोज ११ चालत नाही त्यांच्यावर लिनक्स चालतं. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षांपासून मोकळ्या सॉफ्टवेअरवर चालताहेत, मग आपल्या शाळेच्या लॅबला कुलूप का?

मागणी फार मोठी नाही. देखभालीच्या करारात दोन वाक्यं घाला. एक: प्रत्येक चिठ्ठीवर बिघाडाचं कारण, ते कशावरून ठरवलं आणि कोणता भाग बदलला हे लिहिल्याशिवाय बिल निघणार नाही. दोन: तेच यंत्र तीस दिवसांत दुसऱ्यांदा त्याच तक्रारीने आलं तर रॅम, डिस्क आणि वीजपुरवठ्याची चाचणी करून अहवाल द्यायचा, त्याआधी फॉरमॅट करायचं नाही. आणि प्रत्येक यंत्राशेजारी वीस रुपयांची वही टांगा. गोठला की तारीख, वेळ, काय चालू होतं. खिडकीवरच्या बाईंना हे काम जड नाही. रोज पंधरा लोकांच्या शिव्या खाण्यापेक्षा ते हलकं आहे, हे त्यांनीच मला सांगितलं.

आणि खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्यांनी काय करायचं? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत आहे, अर्जाची पोच मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, मुदत उलटली तर कार्यालयातच पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ‘हँग झालाय, उद्या या’ म्हणाले तर निघून येऊ नका. अर्ज द्या आणि तारीख घातलेली पोच मागा. पोच हातात असली की ‘हँग’चा हिशेब त्यांच्या मुदतीतून जातो, तुमच्या नाही.

दुसरं, माहितीचा अधिकार. दहा रुपये, तीस दिवस. कायद्यातल्या ‘माहिती’च्या व्याख्येत करार आणि लॉगबुक हे दोन्ही शब्द स्पष्ट आहेत, त्यामुळे ‘हे देता येत नाही’ म्हणाले तर व्याख्या वाचायला सांगा. आपल्या नगरपालिकेत, पंचायत समितीत, पोराच्या शाळेत एवढंच विचारा: देखभालीचा करार कुणाशी आहे, वर्षाला किती पैसे गेले, दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांच्या प्रती द्या, आणि त्यात बिघाडाचं कारण किती ठिकाणी लिहिलंय ते दाखवा.

मी वापरलेल्या अर्जाचा मजकूर माझ्याकडे तयार आहे. हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये तालुक्याचं नाव टाका, पाठवतो. उत्तरं आली की चिठ्ठ्यांचे फोटो मला पाठवा, सह्या आणि नावं झाकून. सगळ्या तालुक्यांचे ‘ओके’ एकाच पानावर छापायचे आहेत.